जमाखर्चाबाहेरची माणसे

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘दूरची युद्धे’ हा विषय निश्चित करून त्यातील अफगाणिस्तानाचा भाग माझ्याकडे सोपविला, आणि पालघर जिल्ह्यात राहणाऱ्या लेखकाने तो येथल्या भूमीवर उभे राहूनच पाहावा अशी इच्छा प्रकट केली. मराठी मनाला अफगाण ठाऊक आहे तो मुख्यतः पानिपतावरचा अब्दाली म्हणून, किंवा आजोबांच्या पिढीने मुंबईच्या चाळींच्या दारांशी व्याजाच्या वसुलीसाठी उभा राहिलेला पाहिला तो पठाण म्हणून. परंतु १९७९ पासून ज्या युद्धाने त्या देशातील घरोघरच्या पिढ्या ग्रासून टाकल्या, त्या युद्धाशी आपला संबंध कोणता, असे विचारले तर बहुतेकांपाशी उत्तर नसते. बोईसर-तारापूरपाशी मात्र ते आहे, आणि ते दोन देशांच्या सरकारी दप्तरांत तारीखवार नोंदलेले आहे.

अडतीस टन

बोईसर स्थानकाच्या पश्चिमेकडून समुद्राच्या दिशेने निघाले म्हणजे बाजाराची गर्दी, मग औद्योगिक वसाहतीतला रसायनांचा उग्र दर्प, मग तारापूरच्या अणुशक्ती केंद्राच्या कर्मचाऱ्यांची झाडांत दडलेली वसाहत असे एकेक मागे पडत जाते, आणि भाताची खाचरे व खाजणे ओलांडून आपण दांडी, उच्छेळी, घिवली अशा मच्छीमारांच्या गावांपाशी येतो, जेथे बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या मांडवांमागे केंद्राचे कुंपण आणि त्याच्या पलीकडे अणुभट्ट्यांच्या इमारती दिसतात. यांतील पहिल्या दोन अणुभट्ट्या भारत व अमेरिका यांच्यात ८ ऑगस्ट १९६३ रोजी झालेल्या करारान्वये, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारल्या व १९६९ च्या ऑक्टोबरात त्या व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. त्यांना नैसर्गिक युरेनियम चालत नाही, समृद्ध केलेले लागते, आणि ते देण्याचे अमेरिकेने मान्य केले होते. तेथून येणारे युरेनियम हैदराबादच्या अणुइंधन संकुलात जाई, तेथे त्याच्या गोळ्या व गोळ्यांच्या नळ्या होत, नळ्या एकत्र बांधून जुडगे सिद्ध होई, आणि अशी २८४ जुडगी एका भट्टीच्या पोटात उभी राहत. जळून गेलेली जुडगी ठरावीक काळाने काढून नवी घालावी लागत, म्हणून सातासमुद्रांपलीकडून येणारा हा पुरवठा खंडित झाला की तारापूरच्या अधिकाऱ्यांची झोप उडत असे.

१९७४ मध्ये पोखरणचा अणुस्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसाराविरुद्ध कडक कायदा केला, आणि आपली सर्व अणुकेंद्रे तपासणीस खुली न करणाऱ्या भारताला त्या कायद्यान्वये इंधन देणे जवळजवळ अशक्य झाले. मागणी होती ३८ टनांची. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने १६ मे १९८० रोजी ती एकमताने फेटाळली. तरीही १९ जून रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी आपल्या अधिकारात हुकूम काढून इंधन देण्याचे ठरविले. १८ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी त्या हुकुमास विरोध नोंदविला. परंतु हुकूम रद्द होण्यास दोन्ही सभागृहांचा विरोध आवश्यक होता, आणि २४ सप्टेंबरला सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६, म्हणजे अवघ्या दोन मतांच्या अंतराने, तारापूरच्या बाजूने कौल लागला. सिनेटर जॉन ग्लेन यांनी विरोधाचे नेतृत्व केले होते आणि परराष्ट्रमंत्री एडमंड मस्की यांनी आपल्या जुन्या सहकाऱ्यांची मनधरणी केली होती. कार्टर सरकारच्या युक्तिवादात एक मुद्दा वारंवार येत होता: डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात उतरल्या आहेत, दक्षिण आशियाचा तोल ढळला आहे, अशा वेळी भारतास दुखविणे अमेरिकेला परवडणार नाही.

केंद्रातून निवृत्त झालेल्या एका वयस्क तंत्रज्ञांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ विचारात पडले. “आम्ही इंधनाची वाट बघायचो, एवढंच आठवतं,” ते म्हणाले. “माल आला की सुटकेचा श्वास टाकायचा. तो कुणाच्या जिवावर आला, हे कधी मनात आलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही.”

त्यांच्याकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. ती वीज महाराष्ट्र आणि गुजरातने वापरली, तिच्यावर गिरण्या चालल्या, आम्ही अभ्यास केला. परंतु ज्या वर्षी काबूल आणि कंदाहारच्या परिसरातली गावे बाँबफेकीने ओस पडू लागली, त्याच वर्षी त्या आपत्तीचा एक लहानसा लाभ या किनाऱ्यावर उतरला, ही गोष्ट मला मनातून काढता येत नाही.

प्रत्येकाची वही

दोष एकट्या अमेरिकेचा नव्हता. जानेवारी १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत सोव्हिएत फौजांनी निघून जावे असा ठराव आला तेव्हा भारत तटस्थ राहिला; मॉस्कोची मैत्री आणि तिच्याबरोबर येणारी शस्त्रसामग्री आपणांस हवी होती. पाकिस्तानला कार्टर यांनी ४० कोटी डॉलर देऊ केले ते त्याने तुटपुंजे म्हणून नाकारले, आणि १९८१ मध्ये रेगन सरकारकडून ३२० कोटी डॉलरांचे साहाय्य पदरात पाडून घेतले. त्या देशाच्या अणुकार्यक्रमाकडे पाहून न पाहिल्यासारखे करणे हाही त्या व्यवहाराचाच भाग होता. वॉशिंग्टन, मॉस्को, इस्लामाबाद, दिल्ली, प्रत्येक राजधानीतल्या मुत्सद्द्यांनी आपापली वही उघडली आणि अफगाणिस्तानच्या नावे एक कलम टाकले. अफगाण रयतेचे खाते कोणत्याच वहीत नव्हते.

कट्टरता ही त्या मातीतली उपजत वस्तू आहे असे समजणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९८४ ते १९९४ या काळात अमेरिकेच्या परदेशसाहाय्य खात्याने नेब्रास्का विद्यापीठामार्फत अफगाण मुलांसाठी पाठ्यपुस्तके करविण्यावर सुमारे ५ कोटी १० लाख डॉलर खर्च केले. निर्वासितांच्या छावण्यांत वाटल्या गेलेल्या त्या पुस्तकांत मुले बेरीज-वजाबाकी शिकत ती बंदुकांच्या, गोळ्यांच्या आणि मारलेल्या शत्रुसैनिकांच्या संख्यांवर. सोव्हिएत फौजा १९८९ मध्ये परतल्या. पुस्तके मागे राहिली. पुढे तालिबानच्या राजवटीत तीच चालली, फक्त माणसांचे चेहरे धर्मबाह्य ठरून खोडले गेले. ज्या मुलाचा जन्म छावणीत झाला, ज्याचे वडील युद्धात गेले, ज्याला आई-बहिणींपासून तोडून मदरशाच्या वसतिगृहात वाढविले गेले आणि ज्याला गणितही शस्त्रांचेच शिकविले गेले, तो १९९४ मध्ये कंदाहारहून निघालेल्या तालिबानच्या फौजेत सामील झाला आणि २७ सप्टेंबर १९९६ रोजी काबूलमध्ये शिरला, तेव्हा कार्यालयात काम करणारी, रस्त्यावरून एकटी चालणारी शहरातील स्त्री ही त्याच्या दृष्टीने दुसऱ्या जगातली वस्तू होती. या मुलाला घडविण्यास अनेक सुशिक्षित, धर्मभोळेपणाचा लवलेश नसलेल्या लोकांचे हात लागले होते, हे विसरून अफगाणांच्या धर्मवेडाविषयी बोलणे मला अन्यायाचे वाटते.

करेज, द्राक्षे, अफू

युद्ध म्हणजे मृतांची संख्या, अशी वर्तमानपत्री वाचनाने आपली समजूत होते. ते जमिनीवर कसे काम करते हे पाहावयाचे तर पाण्यापासून प्रारंभ केला पाहिजे.

दक्षिण व पूर्व अफगाणिस्तानात शतकानुशतके शेती झाली ती करेजांवर. डोंगराच्या पायथ्याशी भूजलाचा ठाव घेऊन तेथून शेतापर्यंत हलक्या उताराचा भुयारी पाट खणावयाचा, त्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी ठेवावयाच्या, आणि दरसाल त्या विहिरींतून उतरून गाळ उपसावयाचा, अशी ही व्यवस्था आहे. पंप लागत नाही, तेल लागत नाही. लागतो तो एकत्र नांदणारा गाव. गाळ उपसण्याचे श्रम वाटून घेतलेले असतात, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात, आणि पाटाची देखरेख करणाऱ्या जाणत्याचा शब्द सर्वांनी मानावयाचा असतो. युद्ध आले तेव्हा लढवय्ये त्या भुयारांत लपले, म्हणून ती बाँबने उडविली गेली, सुरुंगांनी भरली गेली. आणि जी वाचली तीही गाव उठून गेल्यामुळे काही वर्षांत ढासळली. १९९० च्या सुमारास ६० लाखांच्या आसपास अफगाण पाकिस्तानात व इराणात निर्वासित होते. इतकी माणसे जेव्हा जातात तेव्हा पाण्याचे ज्ञान आणि पाण्यावरून भांडण न होऊ देण्याचे ज्ञान ही दोन्ही त्यांच्याबरोबर जातात. काबूलच्या उत्तरेस शोमालीचे मैदान आहे, द्राक्षांच्या मळ्यांसाठी आणि तुतींसाठी प्रसिद्ध असलेले. १९९९ मध्ये तालिबानने तेथील घरे जाळली, वेली तोडल्या, पाट फोडले. द्राक्षवेल लावल्यापासून हाती फळ येण्यास काही वर्षे जातात, आणि उद्याचा भरवसा नसलेला मनुष्य वर्षांच्या हिशेबाने काही लावीत नाही.

तो अफू लावतो. तिला पाणी थोडे पुरते, पीक काही महिन्यांत येते, माल वर्षानुवर्षे टिकतो, वाट कितीही खराब असली तरी खांद्यावरून नेता येतो. आणि मुख्य म्हणजे तिच्यावर कर्ज मिळते. पेरणीपूर्वी सावकार पैसे देतो, बदल्यात पुढच्या हंगामाची अफू पडत्या भावाने लिहून घेतो. पीक बुडाले तर कर्ज वाढते, जमीन जाते, आणि प्रसंगी कर्जाच्या फेडीत मुलीचे लग्न सावकाराच्या घरी लावून दिले जाते. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडी घेतलेली उचल पुढे वीटभट्टीवर कुटुंबासह फेडणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा व्यवहार निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

एप्रिल २०२२ मध्ये, पुन्हा सत्तेवर आलेल्या तालिबानने अफूला मनाई केली आणि ती खरोखर अंमलात आणली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीप्रमाणे २०२२ मध्ये २,३३,००० हेक्टर असलेली लागवड २०२३ मध्ये १०,८०० हेक्टरांवर आली. जगाच्या दृष्टीने हे इष्टच झाले. परंतु त्याच पाहणीप्रमाणे शेतकऱ्यांच्या हाती पडणारी रक्कम १३६ कोटी डॉलरांवरून ११ कोटींवर घसरली, आणि तिची जागा घेईल असे दुसरे काही त्यांना मिळाले नाही. त्याच सुमारास अफगाण मध्यवर्ती बँकेची परदेशांतील गंगाजळी गोठविलेली होती, आणि पुढे पाकिस्तानने लक्षावधी अफगाणांना सीमेपार परत धाडण्यास प्रारंभ केला, म्हणजे जेथे खाणाऱ्यांना काम नव्हते तेथे खाणारे वाढले. फर्मानाने पीक थांबले. करेज काही फर्मानाने वाहू लागत नाहीत.

माल येतो, मनुष्य अडतो

दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात पालघरच्या बाजारपेठेत सुक्या मेव्याच्या दुकानांपुढे उभे राहिले म्हणजे अंजिरांच्या माळा, काळ्या मनुका, जर्दाळू, बदाम यांच्या राशी दिसतात, आणि कोपऱ्यात काचेच्या बरणीत खडा हिंग असतो. आपल्या आमटीच्या फोडणीतला हिंग बहुतांशी अफगाण आहे. हेरात, कंदाहारकडच्या उघड्या डोंगरांवर उगवणाऱ्या एका झाडाच्या मुळाशी चीर देऊन, पाझरलेला चीक पुन्हा पुन्हा खरवडून तो गोळा करतात. झाड त्या योग्यतेचे होण्यास चार-पाच वर्षे लागतात. तो येथे आला की पीठ आणि डिंक मिसळून त्याची तीव्रता कमी केली जाते. “मालाचा भाव तिकडच्या शेतावर नाही, वाटेवर ठरतो,” असे एका अनुभवी दुकानदाराने मला सांगितले, आणि त्याच्या त्या वाक्यात बरेच सत्य आहे. पाक-अफगाण सीमेवरचा तोरखम किंवा चमनचा नाका बंद झाला, वाघा-अटारीची वाट अडली, की मुंबईच्या घाऊक बाजारात आवक घटते आणि आठवड्याभरात पालघरला भाव चढतो.

या मालासाठी राज्यकर्त्यांनी किती वाटा शोधल्या ते पाहण्यासारखे आहे. जून २०१७ मध्ये काबूलहून दिल्लीस खास मालवाहू विमान आले, त्यात ६० टन माल होता आणि त्यात हिंग प्रमुख होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये अफगाणिस्तानातील झरंजहून २३ ट्रक इराणच्या चाबहार बंदराकडे निघाले, तेथून माल जहाजाने मुंबईस यावयाचा होता. झरंजला जोडणारा २१८ किलोमीटरांचा रस्ता भारताच्या सीमा रस्ते संघटनेने बांधला आणि त्यासाठी आपल्या माणसांनी प्राण दिले. आता आपल्या जिल्ह्यात वाढवणच्या किनाऱ्यावर ७६,००० कोटी रुपयांवर खर्चाचे बंदर होत आहे, आणि मध्य आशियाकडे जाणाऱ्या व्यापारमार्गांशी त्याचा संबंध केंद्र सरकारच्या निवेदनात आवर्जून सांगितला आहे. मालाला रस्ता मिळेल, याविषयी मला शंका नाही.

माणसाचे तसे नाही. भारत सरकार दरवर्षी एक हजार अफगाण विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देत असे, आणि त्यांतले पुष्कळजण पुण्यास येत. विद्यापीठाच्या आवारात, फर्ग्युसन रस्त्यावर, कोंढव्यातल्या भाड्याच्या खोल्यांत त्यांचे एक लहानसे जग वसले होते. कोरोनाच्या साथीत महाविद्यालये बंद झाली तेव्हा अनेकजण घरी गेले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती पडले, आणि २५ ऑगस्टला भारताने, आणीबाणीचे नवे परवाने सोडून, त्या वेळी भारताबाहेर असलेल्या अफगाणांना पूर्वी दिलेले सर्व व्हिसा रद्द ठरविले. ज्याची अर्धी पदवी पुण्यात आणि अर्धे सामान खोलीवर होते, तो तरुण तिकडे अडकला; जो येथे होता, त्याला परतण्यास देश उरला नाही.

अशांपैकी एका तरुणीला मी पुण्यात भेटलो. तिचे नाव किंवा विषय येथे देत नाही, कारण तिचे आईवडील काबूलमध्ये आहेत. दूरचित्रवाणीवरच्या मालिकांतून शिकलेली हिंदी ती सहज बोलते, आणि तिला मराठी समजते. आपल्या हकिकतीत करुणा उत्पन्न करण्याची तिला मुळीच इच्छा नव्हती. ती बोलत होती ती कागदपत्रांविषयी. पारपत्राची मुदत संपत आलेली, ते नवे करून देणाऱ्या वकिलातीवर कोणाचा ताबा हेच अनिश्चित. दिल्लीतील जुन्या अफगाण राजदूतावासाने नोव्हेंबर २०२३ मध्ये कायमचे बंद होत असल्याचे जाहीर केले, आणि वर्षभराने मुंबईतील वकिलातीसाठी तालिबानने आपला मनुष्य नेमला. पारपत्र नसेल तर निवासाची नोंदणी नाही, नोंदणी नसेल तर घरमालक करार करीत नाही, करार नसेल तर बँक खाते अडते. “सर, भीती वाटते का असं सगळे विचारतात,” ती म्हणाली, “पण माझा दिवस भीतीत जात नाही, अर्जात जातो.”

दाद मागण्याची जागा

तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. त्या विस्थापितांच्या नव्या वसाहतीत मी गेलो तो या लेखासाठीच, कारण गाव गमावणे म्हणजे काय हे या परिसरात त्यांच्याइतके कोणास ठाऊक नाही. एका मावशींनी समुद्र किती पावलांवर होता, तुळस कोठे होती, हे मला हाताने दाखविले. आणि लगेच, त्याच दमात, मुंबई उच्च न्यायालयात चाललेल्या पुनर्वसनाच्या दाव्याविषयी, कोणत्या तारखेस कोण वकील उभा राहिला याविषयी बोलू लागल्या. त्यांची तक्रार आजही जिवंत आहे आणि तिच्यात तथ्य आहे. पण ती मांडावयास चावडी आहे, तहसील आहे, न्यायालय आहे.

अफगाण माणसाकडून घराइतकेच जे हिरावले गेले ते हे. ८ मे २०२१ रोजी काबूलच्या दश्त-ए-बर्ची भागात मुलींच्या शाळेबाहेर स्फोट झाले आणि ८० हून अधिक जीव गेले, त्यांत बहुसंख्य हजारा या अल्पसंख्य समाजातील विद्यार्थिनी होत्या. पुढल्या वर्षी ३० सप्टेंबरला त्याच भागातील शिकवणीवर्गात परीक्षेचा सराव करणाऱ्या मुलींवर पुन्हा तोच प्रसंग ओढवला. या मुलींच्या आईबापांनी कोठे जावे? जी राजवट त्यांच्या वाचलेल्या बहिणींना शाळेत जाऊ देत नाही, तिच्याच दारात फिर्याद नेणार काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या राजवटीचे परराष्ट्रमंत्री दिल्लीस आले, त्यांच्या पहिल्या वार्ताहर परिषदेत स्त्री पत्रकारांना स्थान नव्हते, आणि टीका झाल्यावर दुसरी परिषद घेऊन त्यांना बोलाविण्यात आले; त्या भेटीतच भारताने काबूलमधील आपल्या कार्यालयास पुन्हा राजदूतावासाचा दर्जा देण्याचे जाहीर केले. शेजारधर्म, व्यापार, पाकिस्तानशी असलेले वैर, या सर्वांचा हिशेब पाहता ते करणे भाग होते असे जाणकार सांगतात, आणि मी ते खोडून काढू शकत नाही. मात्र वही पुन्हा उघडली गेली आहे, आणि या वेळीही त्या मुलींच्या नावे तिच्यात काय लिहिले जाते याची चौकशी आपण केली पाहिजे.

बारावीचे प्रमाणपत्र

पुण्यातल्या त्या तरुणीची धाकटी बहीण २०२१ मध्ये सहावीत होती. २३ मार्च २०२२ रोजी माध्यमिक शाळा उघडणार म्हणून मुली दप्तरे घेऊन गेल्या आणि काही तासांतच घरी धाडल्या गेल्या. २० डिसेंबर २०२२ ला विद्यापीठे स्त्रियांना बंद झाली. डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका आणि सुईणींचे शिक्षणही थांबले, अशा देशात, जेथे पुरुष वैद्याकडून स्त्रीने उपचार घेणे अनेक ठिकाणी अशक्य आहे. युनेस्कोच्या २०२४ मधील गणनेनुसार किमान १४ लाख मुली माध्यमिक शिक्षणापासून हेतुपुरस्सर वंचित ठेवल्या गेल्या होत्या. धाकटी घरीच शिकते. मोठी बहीण येथून फोनवर तिला गणित शिकविते, आणि सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सगळ्या देशातले इंटरनेट बंद केले गेले तेव्हा तेही तुटले.

भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेने अफगाण विद्यार्थ्यांसाठी घरबसल्या पदवी घेण्याच्या ऑनलाइन शिष्यवृत्त्या ठेवल्या आहेत, आणि त्यांचा लाभ मुलींनीही घेतला आहे. परंतु पदवीच्या प्रवेशासाठी बारावीचे प्रमाणपत्र लागते. ते हाती असलेल्या मुली दरवर्षी कमी होत चालल्या आहेत, कारण सहावीपुढे एकही नवी मुलगी सरकारी शाळेतून त्या पायरीपर्यंत येत नाही. २०२१ ची सहावीतली मुलगी २०२७ मध्ये बारावी झाली असती. त्यानंतर शिष्यवृत्त्या राहतील आणि त्यांना पात्र अशी मुलगी अर्ज करावयास उरणार नाही.

याला उपाय नाही असे नाही, आणि तो महाराष्ट्रानेच एकदा करून पाहिला आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, १९८९ मध्ये स्थापना झाल्यावर, शाळा सुटलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम दीर्घकाळ चालविला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, बारावी न झालेल्या माणसाने तो पुरा करावा आणि पदवीस प्रवेश घ्यावा, अशी ती योजना होती, आणि तिच्या आधारे गृहिणी, कामगार, शेतमजूर पदवीधर झाले. तसाच एक शिक्षणक्रम दरी आणि पश्तो भाषांत, फोनवर उतरवून घेता येईल अशा पाठांत, प्रमाणपत्राऐवजी परीक्षेच्या आधारे प्रवेश देणारा, आपल्या विद्यापीठांनी आणि परिषदेने मिळून काढावा, हे मी त्या तरुणीला बोलून दाखविले. तिने वही काढून विद्यापीठाचे नाव लिहून घेतले, आणि परीक्षा घरून देता येईल की केंद्रावर जावे लागेल, हे प्रथम विचारले.